आइराग म्हणजे दूध नव्हे

दग्वाच्या आइरागची कीर्तीच तशी होती. त्याच्या कातडी पखालीचं तोंड उघडलं की टेकडीपलीकडचे उंट शिंकायचे आणि मरणाला टेकलेला म्हातारा उठून वाडगा मागायचा. घोडीचं दूध आंबवावं तर दग्वानंच, असं मंगोलियाचा तो सगळा गवताळ मुलूख म्हणे. आज त्याच्या धाकट्या भावाचं लग्न. पखाल तंबूच्या दाराशी लटकत होती, आणि येणारा प्रत्येक पाहुणा रिवाजाप्रमाणे आधी ती घुसळून मगच बसत होता.

दग्वाचं लक्ष बायकोकडे होतं. सोलोंगो लांब सुरांची गाणी म्हणायची. एका दमात सूर असा ताणायची, की तेवढ्यात ऐकणाऱ्याचा घोडा चरून परत यायचा. पण दग्वाच्या घरी आल्यापासून दर उन्हाळ्यात तिचं पोट गुरगुरे, कोपरांवर लाल चट्टे उठत आणि मग छातीत शिट्टी वाजे. दग्वा दोष द्यायचा घोड्यांच्या उडणाऱ्या केसांना. मागच्या खेपेला ओठ निळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी दम्याचा फवारा दिला आणि बजावलं, "खाण्यातलं काहीतरी हिच्या पोटाला सोसत नाही, आणि ओरडतात कातडी न् छाती. दूध, दही, साय सगळं बंद करून बघा."

दग्वानं चहातलं दूधसुद्धा तोडलं. आणि पोट सुधारावं म्हणून आइरागचे वाडगे वाढवले! दूध म्हणजे गाईचं, याकचं. आइराग तो आइराग. त्याला दूध म्हणायचं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं.

लग्नासाठी पखाल आधीच इकडे रवाना झाली होती, त्यामुळे गेले काही दिवस सोलोंगोला थेंबही मिळाला नव्हता. आज ती बाह्या सरसावून बसली, तर कोपर लख्ख!

दग्वानं कोपराकडे पाहिलं. मग पखालीकडे.

तोवर नवरीचा मामा चोइजिल, दाराएवढा रुंद पैलवान, चांदीचा वाडगा भरून तिच्यापुढे उभा होता. "घे पोरी, गळा ओला कर. असं गा, की लांडगे रडले पाहिजेत!"

दिलेला वाडगा परतवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. सोलोंगोनं तो दोन्ही हातांनी घेतला, बोट बुडवून थेंब आभाळाला उडवला.

दग्वाच्या जिभेवर आलेले शब्द तिथंच अडकले. अख्ख्या मुलखासमोर सांगायचं, की माझा आइराग माझ्याच बायकोला मारतोय? तेवढ्यात ती प्यायली.

ती खोकली. गळ्यावर लाली चढली. मग ती शिट्टी.

"ठसका लागला," चोइजिल हसला. "अजून एक घोट घे, उतरेल!"

दग्वानं मुसंडी मारली. वाडगा उडाला, मामाचा रेशमी अंगरखा न्हाऊन निघाला.

"देवानं दिलेलं पांढरं अन्न सांडलंस, गाढवा!" मामा गरजला.

"सांडू दे! तिला माझा आइराग बाधतो. माझाच! फवारा कुठाय, सोलोंगो?"

तिनं बुटाकडे बोट दाखवलं. तिला बोलता येत नव्हतं. बूट निघेना. दग्वानं दातांनी नाडी तोडली, फवारा तिच्या तोंडात दाबला. शिट्टी थांबेना.

"बघत काय बसलाय? जीप काढा!" मामाच ओरडला, आणि तिला कोकरासारखं उचलून धावला.

दवाखान्यात सुई टोचून झाल्यावर डॉक्टरीणबाई कडाडल्या. "दूध बंद केलं होतंत ना?"

"दूध कुठं? आइराग..." दग्वा पुटपुटला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो टोपी काढून कोपऱ्यात उभा राहिला.

बऱ्याच वेळानं सोलोंगोचा घोगरा आवाज आला. "इतके उन्हाळे घोड्यांच्या केसांना शिव्या घालत होतास. बिचाऱ्या घोड्या!"

दारातून मामानं डोकं घातलं. "पण गाण्याशिवाय माझी भाची नवरी कशी व्हायची?"

"आज गाणं नाही," बाई म्हणाल्या.

"मग थांबतो आम्ही."

आणि थांबले की! अख्खं वऱ्हाड तंबू उपटून दवाखान्याच्या अंगणात आलं. बाईंनी परवानगी दिली त्या सकाळी सोलोंगो पायरीवर उभी राहिली आणि तिनं सूर धरला. सूर टेकडीपर्यंत गेला, तिथून नदीकडे वळला. दग्वा कान टवकारून शिट्टी शोधत होता. सूर संपला तेव्हा मामानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"अरे, आता तरी श्वास सोड!"