खांबाची मान

बँड एकवीस वर्षांनी पुन्हा जमला तेव्हा तिघांची मिळून चार गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि चौथा गेला होता. चौथा म्हणजे बेस वाजवणारा खांब. स्टेजवर इंचभर हलायचा नाही, म्हणून खांब.

नव्या अल्बममध्ये त्याचं तेवीस मिनिटांचं गाणं घेणारच, असा शब्द ड्रमरने त्याला हॉस्पिटलात दिला होता. आज स्टुडिओचा शेवटचा दिवस.

घोडं अडलं चौदाव्या मिनिटाला. तिथे सगळे गप्प होतात आणि बऱ्याच वेळाने एकदम सुरू होतात.

"किती मोजायचं रे?" गिटारवाल्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? तूच मोजायचास ना?" ड्रमर म्हणाला.

"मी? मी खांबाकडे बघायचो. त्याने मान हलवली की सुरू."

"मीसुद्धा," कीबोर्डवाला चष्मा पुसत म्हणाला.

या शांततेत एका समीक्षकाला गणिती सूत्र सापडलं होतं. तीन जुनी रेकॉर्डिंग काढली, तर तिन्हींत तिची लांबी वेगळी. अकरा वेळा वाजवून पाहिलं. अकराही वेळा तिघं तीन दिशांनी घुसले.

शेवटी ड्रमरने खांबाच्या बायकोला फोन लावला.

"भावजी, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणत वहिनी बँकेतून परस्पर आली. रिकामी जागा एकच होती, खांबाचं स्टूल. त्यावरचे तिघांचे कोट तिने उचलले, घड्या घातल्या आणि बसली.

"नुसतं ऐका. काही आठवलं तर सांगा."

चौदावं मिनिट आलं. सगळं थांबलं. वहिनी पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधत होती. इतकी शांतता कशाने झाली म्हणून तिने वर पाहिलं. तीन म्हातारे डोळ्यांत प्राण आणून तिच्याकडे बघत होते.

'काय झालं?' अशी तिने मान उडवली.

तिघं एकदम सुरू झाले.

गाणं संपल्यावर वहिनी म्हणाली, "यांच्याकडे असेच बघायचात?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तिने पर्स मिटली. "घरी हे मान हलवायचे, तर मी पेपरातून डोकंही वर काढत नव्हते."

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज आला, "टेक झकास. फक्त शांततेत पर्सची चेन ऐकू येतेय. काढून टाकू?"

ड्रमरने सवयीने स्टुलाकडे पाहिलं. वहिनीची मान खाली होती. तो थांबून राहिला.