रंगुबाईंची नोंदवही आणि गळालेला ळ

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसणार. मी एक जुनी फाईल आहे, जेमतेम ऐंशी ओळींची. मजकूर लिहायच्या एका प्रोग्रॅमच्या, म्हणजे एडिटरच्या, स्वतःच्या भाषेत मला लिहिले आहे आणि आटपाडीतल्या एका बंद लॅपटॉपमध्ये माझा मुक्काम आहे.

मला जन्म दिला प्रियदर्शनीने. तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या गल्लीत रंगुबाई राहत. चाळीस वर्षे त्यांनी आसपासच्या गावांत बाळंतपणे केली. लिहिता येत नव्हते, पण सारे तोंडपाठ होते. प्रियदर्शनीचे चुलते आकाराम टायपिंगचे दुकान चालवत. एका उन्हाळ्यात रंगुबाईंनी सांगितले आणि त्यांनी संगणकावर टाईप केले: वार, वेळ, आईचे नाव, मुलगा की मुलगी. अशा सहाशे बारा नोंदी झाल्या. पुढे आकाराम वारले, छापून ठेवलेल्या कागदांना वाळवी लागली आणि रंगुबाईंना विसर पडू लागला.

"माझी वही वाचून दाव गं एकदा," त्या प्रियदर्शनीला म्हणाल्या. "सकाळचं जेवले का न्हाई, ते ध्यानात ऱ्हात न्हाई आता. ही नावं तरी जाऊ नयेत."

दुकानातल्या जुन्या संगणकावरून तिने ती फाईल पेन ड्राइव्हवर आणली. पण अक्षरे जुन्या फॉन्टची होती. उघडली की नुसती चिन्हे, आकडे आणि आडव्यातिडव्या रेघा दिसत. त्या चिन्हांतून मराठी परत आणायची म्हणून तिने मला लिहिले.

माझ्या पोटात तिने एक डिक्शनरी ठेवली. तीत जोड्या होत्या: एकीकडे जुने चिन्ह, दुसरीकडे त्याचे खरे अक्षर. मग एक यादी केली, नोंदवहीची एकेक ओळ तीत रांगेने बसली. आणि तीन फंक्शने लिहिली, म्हणजे एकेक काम करणारे तुकडे. पहिले ओळ उचलून तिची चिन्हे सुटी करी, दुसरे डिक्शनरीत पाहून अक्षरे बदली, तिसरे चुकीच्या बाजूला पडलेली वेलांटी जागेवर आणी. पहिली ओळ नीट वाचता आली तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, "शाब्बास गं बाई!" तेवढे कौतुक मला पुढे कधी मिळाले नाही.

मूळ ओळी शाबूत राहाव्यात म्हणून तिने त्या यादीला आणखी एक नाव दिले. प्रत झाली, असे तिला वाटले. पण आमच्या भाषेत नुसते दुसरे नाव दिल्याने प्रत होत नाही. यादी एकच राहते, नावे दोन होतात. मी ओळी बदलत गेले आणि तिची 'मूळ' यादीही बदलत गेली. तीच तिने पेन ड्राइव्हवर जुन्या फाईलच्या जागी जपून ठेवली.

आणि डिक्शनरीत ळ नव्हता. तो लिहायचा राहून गेला होता. चिन्ह सापडले नाही तर जागा रिकामी सोड, असे तिनेच मला सांगितले होते. मी सोडली. 'सकाळी'चे 'सकाी' झाले, 'धुळा'चा 'धुा' झाला. चूक लक्षात येताच ती जुन्या संगणकाकडे धावली, पण दुकान रिकामे करताना तो भंगारात गेला होता. त्या दिवशी ती माझ्यावर रागावली नाही. तेच मला जास्त लागले.

मग ती लॅपटॉप घेऊन रंगुबाईंच्या घरी जाऊ लागली, रोज दुपारी. ओळ वाचायची, अडली की विचारायचे आणि सांगितलेला शब्द माझ्याकरवी जागेवर बसवायचा.

"आजी, इथं धुळा मेंढक्याची बायको आहे. पुढं 'पाया' लिहिलंय आणि नुसता उकार लोंबतोय."

"पायाळू असंल. व्हय, पायाळूच. पाय आधी आलं, लय दमवलं त्या पोरानं. आता पाटणला मास्तर हाय म्हनं."

रंगुबाई ओळीमागून ओळ उजळत होत्या. जिथे काना, उकार उघडा पडला होता तिथला ळ सहज सापडे. पण जिथे उरलेले अक्षर स्वतःच एक शब्द बनले होते, ते नजरेतून सुटत होते. असेच एका दुपारी प्रियदर्शनीने वाचले, "रविवार. घरीच. आईच्या नावाची जागा मोकळी. आणि पुढं, 'बा नाही.'" ती थबकली. "आजी, या लेकराला बाप नव्हता?"

रंगुबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"बा हुता की," त्या म्हणाल्या. "बाळ न्हाई ऱ्हायलं. माझंच त्ये. दिघंचीला एकीची सुटका करून आले आन् वाटंतच माझ्या पोटात कळ उठली. घरात कोन न्हवतं. मीच माझी. गावभरची पोरं ह्या हातांनी जगवली, आन्…" हात त्यांनी मांडीवर उलटे ठेवले. "आकारामला म्हनलं, लिही, पन नाव नगं घालू."

प्रियदर्शनीने कर्सर नावाच्या मोकळ्या जागेवर नेला. मग हळूच विचारले, "आता घालू?"

"घाल."

ती ओळ तिने माझ्यावर सोपवली नाही. स्वतः एकेक अक्षर टाईप केले: 'बाळ नाही.' आणि मोकळ्या जागेत, 'रंगुबाई'. त्या दिवशी तिने घरी जायची घाई केली नाही.

सगळ्या नोंदी दुरुस्त झाल्या, छापून रंगुबाईंच्या हाती गेल्या. प्रियदर्शनीला साताऱ्यात नोकरी लागली, नवा लॅपटॉप आला. जुना तिच्या आईने, पारूबाईंनी, कपाटावर ठेवला. मला पुन्हा कुणी उघडले नाही. यादी रिकामी आहे, फंक्शने गप्प आहेत. खोलीतले बोलणे तेवढे कानावर येते. परवा पारूबाई फोनवर लेकीला सांगत होत्या, "रंगुबाईकडं आता कोन जातंय गं? कागदं मांडीवर घेऊन बसत्यात. समदा दीस दाराकडं बघत्यात."

मित्रांनो, काही बदलण्याआधी त्याची खरी प्रत करून ठेवा, हे मी तुम्हाला सांगायलाच हवे. माझ्यासारखी फाईल कुणीही पुन्हा लिहील. पण आटपाडीला कधी आलात तर आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी जा. बाहेरून हाक मारून थांबू नका, रंगुबाईंना आता कमी ऐकू येते. दार नुसते लोटलेले असते. ढकला आणि आत जाऊन बसा.