डॉक्टर घुबड

लेकीला वेबसाइट बनवायला शिकायचं होतं. पहिल्याच धड्यात सांगितलं होतं, कुठलंही पान उघडा आणि त्याच्या आत डोकावून बघा. तिने उघडलं ते आई जिथे स्वागतकक्षात बसते, त्या डोळ्यांच्या दवाखान्याचं. माउसची उजवी कळ दाबून ‘तपासा’ निवडलं, आणि पानाच्या पोटातल्या ओळी भसाभस बाहेर आल्या. दवाखाना डोळ्यांचा आणि अक्षरं मुंगीएवढी! बाईसाहेबांनी आधी ती मोठी केली. तेवढ्यावर थांबेल तर ती कसली. मोठ्या डॉक्टरांना तिथली माणसं पाठीमागे घुबड म्हणतात, हे आईनेच घरी सांगितलेलं. त्यांच्या नावाच्या जागी तिने ‘डॉक्टर घुबड’ लिहून पाहिलं, आणि पानावर ते लगेच झळकलं.

आता हे अख्ख्या जगाला दिसणार, आणि डॉक्टर सगळ्यात आधी आईलाच जाब विचारणार. नोकरी गेलीच म्हणायची. लॅपटॉप तसाच मिटून ती दवाखान्याकडे पळत सुटली.

बाकावर एक आजोबा डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. लेकीने काउंटरवर वाकून सगळं सांगून टाकलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने समोरच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. डॉक्टरांचं नाव जिथल्या तिथे, पदव्यांसकट. फोनवर पाहिलं, तिथेही तेच. मग आईने लेकीची यथेच्छ हजेरी घेतली, आणि एकदम थांबून विचारलं, “पण मग तू लिहिलंस ते गेलं कुठे?”

हे कोडं लेकीलाही सुटेना. भीतीबीती विसरून तिने आईची खुर्ची बळकावली. फोन नंबर बदलला, पान पुन्हा लोड केलं, तर जुना नंबर हजर. वेळ बदलून पाहिली, तेच. मग तिच्या डोक्यात उजेड पडला.

“आई, मूळ पान दुसरीकडेच असतं. आपल्याकडे येते ती नुसती प्रत. मी माझ्या प्रतीवर गिरगटत होते.”

“म्हणजे इथे काहीही लिहिलं तरी कुणाला दिसणार नाही?”

“कुणालाच नाही.”

आई जरा घुटमळली. मग डॉक्टरांच्या नावाखाली बोट ठेवून म्हणाली, “इथे माझं नाव लिही की.”

लेकीने मोठ्या अक्षरांत लिहिलं. दारातून येणारा प्रत्येक जण इतकी वर्षं आधी आईशीच बोलत आलाय, आणि पानावर ती कुठेच नव्हती. हे आजवर आपल्या लक्षातही आलं नाही, याचं लेकीला फार वाईट वाटलं. ती पान बंद करायला गेली, तर आईने तिचा हात धरला.

“राहू दे,” आई म्हणाली. “आजोबा डोळे उघडेपर्यंत.”