पार्कातला दहावा

बेन्सन नागावकरची आई मे महिन्यात ठाण्यात कोविडने गेली. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. तो तिथल्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातच अडकला. आईसाठी कद्दीश म्हणायची राहिली होती. ही प्रार्थना मुलाने एकट्याने म्हणून चालत नाही. दहा ज्यू पुरुष लागतात.

तिथल्या ज्यू मंडळींतला हर्शेल दर बुधवारी झूमवर हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी ज्यूंच्या, दंतकथा सांगायचा. त्या बुधवारी त्याने अडाणी शेतकऱ्याची सांगितली. त्या शेतकऱ्याला एकही प्रार्थना येत नव्हती. त्याने देवाला नुसती मुळाक्षरं म्हणून दाखवली आणि म्हणाला, प्रार्थना तूच जुळवून घे.

"पंडितांनी दारं लावून घेतली होती. हसिदांनी ती या माणसासाठी उघडली," हर्शेल म्हणाला. चाळीस चौकटींत लोक नाकं पुसू लागले.

शेवटी त्याने सांगितलं, उद्या पार्कात प्रार्थना आहे, नऊ जण झालेत, एक हवा. लॉकडाउनच्या नियमाने दहाच जणांना जमता येत होतं.

बेन्सनने लगेच फोन केला. "मी येतो. हिब्रू वाचता येत नाही, पण कद्दीश देवनागरीत लिहिलेली आहे."

"देवनागरीत? ब्यूटिफुल, मेट. फक्त आजीच्या लग्नाचा करार पाठव. आईच्या आईचा. ज्यूपण आईकडून येतं ना, तुम्हा भारतातल्या बेने इस्राएलींचं विचारावं लागतं."

"आईला पुरताना कोणी विचारलं नाही."

"पर्सनली घेऊ नकोस."

"आणि दहावा नाही मिळाला तर?"

"तर नाही."

मिळाला नाही. नऊ जण पार्कातून तसेच परतले.

"आपल्या मालिद्याच्या गोड पोह्यांच्या ताटाचे फोटो घेताना करार नव्हता लागला हर्शेलला," बेन्सनची बायको रीटा त्याला म्हणाली.

पुढच्या बुधवारी हर्शेलने नवी दंतकथा सांगितली. भारतातला एक भाऊ, परकी लिपी, गेलेली आई. गोष्टीत नऊ जणांनी त्याला मिठी मारून दहावा केलं. पडद्यावर इमोजीचे लाल बदाम उडू लागले.

बेन्सनला खवट खोबरं चावल्यासारखं झालं. त्याने माइक उघडला. "तो मी. तू मला मोजलं नाहीस." आणि कद्दीशचा कागद धरून वाचू लागला.

दुसऱ्या ओळीला हर्शेलने त्याला म्यूट केलं.

"बघा त्याचे ओठ," तो हळव्या आवाजात म्हणाला. "हाच तो भाव."

पुन्हा बदाम उडाले. बेन्सनने लॅपटॉप मिटला. रीटा गॅस बंद करून समोर येऊन उभी राहिली, आणि त्याने कद्दीशला पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.