तीन खंडांची बॅग

मी बॅग बोलतेय. साधीसुधी नव्हे, जांभळी, कडक पाठीची, चार चाकांची, आकड्यांच्या कुलपाची. जगप्रवासाला निघालेली. सध्या मुक्काम फिलिपिन्समधलं इलोइलो शहर, जिन्याखाली. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या, मी रोज हसते.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला असणार. मला आठवते ती थेट हाँगकाँगच्या दुकानात माझ्या पोटावर थापट्या मारून बघणारी तिता फेली. तिता म्हणजे आत्या. ती तिथे एका घरात वर्षानुवर्षं स्वयंपाक करायची, मुलं सांभाळायची. कायमची परतताना तिने मला गच्च भरून आणलं. तोच माझा एकुलता एक प्रवास, तोही सामानाच्या अंधारात. पण तोरा असा की विमान मीच चालवलं! कपाटावर बसून मी पंख्याला परदेशाच्या गोष्टी सांगायचे. तितानेही एक स्वयंपाकघर आणि एक भाजीबाजार बघितलेला, आणि बोलायची अख्ख्या जगाबद्दल. आम्ही दोघी एकमेकींना शोभत होतो.

मग तिताच्या भाचीने, नालिनने, मला खाली काढलं. नालिन नर्सिंगचं कॉलेज अर्ध्यावर टाकून मियागाव गावी हातमागावर बसायला गेली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घ्यावं तसं हळू आवाजात घेतलं जायचं. त्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा पसरला.

"आधी इथियोपिया. तिथे जमिनीत खड्डा खणून, त्यात पाय सोडून विणतात. मग जॉर्जिया, गालिच्यांसाठी. मग पेरू, तिथे माग कमरेला बांधतात. विणकरांच्याच घरी राहायचं, ते खातील ते खायचं, त्यांचं शिकायचं. वर्षभर."

"पेरूत आपलं कोण आहे?" तिताने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग जायचं कशाला?"

"म्हणूनच."

हे उत्तर या घरात कुणाला पचणारं नव्हतं. आमच्यात जिथे आपलं माणूस नोकरीला आहे तोच देश. बाकी सगळा समुद्र.

भात संपेपर्यंत तिताने नकाशा दुरुस्त केला. "इथियोपियाऐवजी दुबई, तिथे तुझी चुलतबहीण. जॉर्जियाऐवजी रोम, तिथे धाकटी आत्या. पेरूचं न्यू जर्सी कर, काका आहेत. खंड तीनचे तीनच राहिले ना गं इंदाय? मग?"

आमच्याकडे मुलीला लाडाने इंदाय म्हणतात. गळा दाबतानाही तेच म्हणतात.

"इथियोपियाचं तिकीट काढलंय मी."

"तिकिटं बदलता येतात. नातेवाईक नाही येत बदलता."

नालिनचा बाप, ज्याला ती ताताय म्हणते, समोरच बसला होता. त्याने माशाचा काटा काढला, तोंडातून.

मग भरणं सुरू झालं. परदेशी निघालेल्या माणसाने मोकळ्या हाताने जायचं नाही, हा आमचा धर्म. आणि आपल्याच घरचं न्यायचं असं नाही. गल्लीतल्या कुणाचाही कुणीही तिकडे असेल, त्याचंही न्यायचं. लोणी-साखर लावून कडक भाजलेला पाव आला. वाळके मासे आले. जवळा आंबवून केलेल्या लगद्याच्या बरण्या आल्या, फडक्यात बांधलेली बाळयेशूची मूर्ती आली. आणि मी? मी खूश! माझ्याएवढं कुणाच्याच पोटात मावत नाही म्हणून फुगत चाललेले.

रोज वजन व्हायचं. ताताय मला कवेत घेऊन काट्यावर उभा राहायचा, मग एकूण आकड्यातून ताताय वजा करायचा. आता गंमत ऐका. हा गृहस्थ स्वतःचं वजन तरुणपणीचं सांगायचा. मधल्या काळात त्याने जेवढं डुक्कर आणि जेवढी बिअर पोटात घातली, ते सगळं माझ्या खात्यावर! त्यामुळे मी रोज जड निघायचे, आणि रोज नालिनचं काहीतरी बाहेर यायचं. आधी बूट. मग स्वेटर.

निघायच्या दिवशी दुपारी निरोपाचं जेवण होतं. अख्खं भाजलेलं डुक्कर, अख्खी गल्ली. नालिनने मला उघडून हात घातला आणि थांबली.

"धोटा कुठाय?"

"कसला धोटा?"

"मागाचा, आडवा धागा ओवायचा. मला विणायला शिकवणाऱ्या मियागावच्या म्हातारीने तिचा दिला होता."

"ते लाकूड होय? काढलं बाई. वजनात बसेना." तिता हसली. "तिकडे काय लाकडं मिळत नाहीत?"

गल्लीही हसली. नालिन हसली नाही.

"ताताय," ती म्हणाली, "तुमचं खरं वजन किती?"

तातायने डुकराकडे बघितलं, जणू तेच सांगेल.

"जेवण झाल्यावर बोलू की..."

धोटा स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावलेला होता. नालिनने तो ओढला, खिडकी धाडकन पडली. तिने बाजाराची कापडी पिशवी घेतली. दोन कपडे, बूट, स्वेटर, वर धोटा. झाली तयारी.

"अगं, आणि हे मासे?" तिता ओरडली. "रोमची माणसं वाट बघतायत!"

"मी रोमला नाही चाललेय."

"बॅग तरी ने! हाँगकाँगची आहे!"

"ती तुझी आहे, तिता."

चार चाकं असून मी जागची हलले नाही. ताताय मात्र उठला आणि मुकाट्याने मोटारसायकल काढली, तिला विमानतळावर सोडायला. फार उशिरा, पण उठला.

मासे गल्लीने खाल्ले. जवळ्याची एक बरणी मात्र माझ्यातच फुटली. तो वास तीन खंड पुरून उरेल. हल्ली माझ्यात एक तांबडी कोंबडी अंडी घालते. कुलपाचा आकडा तिला लागत नाही. झाकण उघडंच असतं.

परवा फोनवर नालिन दिसली. डोंगराळ अंगण, कमरेला बांधलेला माग, हातात तोच धोटा. शेजारी एक जाडजूड बाई तिच्या चुका उसवत होती.

"जेवलीस का?" तिताचा पहिला प्रश्न. दुसरा ठरलेलाच. "पेरूत आपलं कोण आहे सांग पाहू?"

नालिनने त्या बाईकडे बोट केलं. "ही. तुझ्यासारखीच ओरडते."

तिताने फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हाँगकाँगात शेजारणीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं."

मी तर कुणाचंच विचारलं नाही. म्हणून एवढंच सांगते: लांब निघालात तर माझ्यासारखी ऐसपैस बॅग घेऊ नका. मोकळी जागा दिसली की घरची माणसं येऊन बसतात. आणि जाताना झाकण आपटू नका. आत कोंबडी बसलीय. या घरातून बाहेर पडायची पुढची पाळी तिच्या पिल्लांची.