चंदनाची बारीक पानं

व्हाइटफील्डच्या घरामागं अभिराजनं कॉलेजात असताना चंदनाची दोन रोपं लावली होती. पुढं रिंग रोडवर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. त्याची आई सगुणाबाई संध्याकाळी त्या झाडांपाशी जाऊन बसायच्या.

एका उन्हाळ्यात कुंपणाकडच्या झाडाला नवी पानं आली ती नखाएवढी, काट्यांसारखी ताठ. सगुणाबाईंचे यजमान प्रतापराव यांनी शेजारच्या शिवलीलेला बोलावलं. ती झाडांच्या रोगांवर संशोधन करायची. तिनं डहाळी प्रयोगशाळेत नेऊन तपासली.

"जिवाणू आहेत, अण्णा," ती म्हणाली. "सालीखालच्या ज्या नळ्यांतून झाडाचं अन्न फिरतं, त्यांच्या आतच राहतात. फवारा तिथं पोचत नाही. रस शोषणारे किडे हे दुसऱ्या झाडाला नेतात. आत्ताच काढलंत तर ते दुसरं कदाचित वाचेल."

"औषध नाहीच?" सगुणाबाईंनी विचारलं.

"खोडात टोचता येतं, अक्का. स्वल्प दिवस बरं दिसेल. रोग जात नाही."

"मग टोच."

"ती काय सांगते ते ऐक," प्रतापराव म्हणाले. "एक तरी राहू दे."

"त्यानं लावलेलं झाड मी तोडू देणार नाही."

शिवलीलेनं खोडात औषध टोचलं. पावसाळ्यात झाडाला रुंद, हिरवी पानं आली. सगुणाबाईंनी ती शिवलीलेला बोलावून दाखवली.

"अजूनही तोडा, अक्का," ती म्हणाली.

तेव्हापासून सगुणाबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं.

दिवाळीनंतर एकदा प्रतापराव विहिरीमागं गेले, तर तिथं बारीक, ताठ पानांचा ढीग. सगुणाबाई ती खुडून लपवत होत्या. दुसऱ्या झाडाची.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याच्या आधीपासून." मग त्या म्हणाल्या, "दोन्ही काढा."

चंदन तोडायची वनखात्याची परवानगी आली तेव्हा दोन्ही झाडं जवळजवळ निष्पर्ण झाली होती. करवत चालली. सगुणाबाईंनी एक ढलपी उचलून नाकाशी धरली.

"वासच नाही."

"वास गाभ्याला असतो. तो धरायला अजून वर्षं लागली असती," प्रतापराव म्हणाले.

अंगणात फांद्या पेटवल्या. प्रतापराव सगुणाबाईंना घरात जायला सांगत होते. मुलाच्या वेळी बायकांना स्मशानात नेलं नव्हतं. सगुणाबाई धुरात उभ्याच राहिल्या, आणि आग खाली बसू लागली तशी पायानं उरलेल्या डहाळ्या आत सारत गेल्या.