आवळीभोजनाचं झाड

कार्तिकात आम्ही इथं उत्तरेत, ब्रह्माघाटावर राहणारी मराठी मंडळी आवळीभोजनाला शहराबाहेरच्या तलावाकाठच्या उद्यानात जातो. आवळ्याचं झाड शोधायचं, त्याची पूजा करायची आणि त्याच्याच सावलीत जेवायचं. झाड कोणी निवडायचं, हे आमच्यात सगळ्यांत वडील असलेल्या प्रभावतीकाकू सांगतात. बारा वर्षं त्या मला सांगत आल्या, "शरदिनी, तू बघ गं." यंदा म्हणाल्या, "हिमानी, तू बघ."

हिमानी! नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून नाशिकहून आलेली, इथं येऊन उणेपुरे आठ महिने झालेली. काकूंच्या आजारपणात शाळेत रजा टाकून उशाशी कोण बसलं? मी. आणि आता रोज संध्याकाळी त्यांच्या दारात चपला हिच्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तलावात बोटी फिरत होत्या, पोरं काठावर बॅडमिंटन खेळत होती. हिमानी मिरवत पुढे गेली आणि एका लहानशा झाडापाशी थांबली.

"हे चालेल ना, काकू?"

मी पानांकडे पाहिलं. चिंच! बारीक पानं बघून बया फसली होती. फळांनी लगडलेला आवळा बोटींच्या तिकीटखिडकीमागे उभा होता. एका शब्दाचं काम होतं. मी तो बोलले नाही. उलट सतरंजी मीच अंथरली.

काकूंनी खोडाला हळदकुंकू लावलं, सूत गुंडाळलं, नैवेद्य दाखवला. पानं वाढली. सगळे हिमानीच्या मसालेभाताची तारीफ करायला लागले, तेव्हा मात्र मला राहवेना.

"वा! चिंचेखाली आवळीभोजन पहिल्यांदाच बघतेय हो!"

सगळे वर बघायला लागले. हिमानीचा चेहरा खर्रकन उतरला, डोळे भरून आले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"मला आल्याबरोबर कळलं होतं गं," काकू म्हणाल्या. "पोरगी पहिल्यांदा आलीय. सगळ्यांसमोर कशाला टोकायचं? देवाला इमली काय नि आंवला काय! म्हणून गप्प बसले."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुलाही कळलं होतं ना? तू कशासाठी गप्प बसलीस?"

काकू जराशा सरकल्या, हिमानीचा हात धरून त्यांनी तिला आपल्याशेजारी बसवलं. माझ्या जागी.